मृग, शाळा आणि ताम्हिणीतला रविवार

या स्नेहमेळाव्याची तारीख ठरवायला आपल्याला व्हॉट्सअॅपवर किती दिवस लागले, आठवते ना? मे म्हटले तर अमेरिकेतल्या दोघी म्हणाल्या, मुलांच्या शाळा जूनमध्ये संपतात, त्याआधी निघता येत नाही. जूनचा शेवट म्हटले तर पौडच्या पुढचे सगळे एका सुरात म्हणाले, "लावणी टाकून येऊ का?" जुलैचा रविवार कुणीतरी सुचवला, तेव्हा माझ्या चुलतभावाने थेट मलाच फोन केला. तो आपल्याच शाळेचा, तीन वर्षे मागच्या बॅचचा. ताम्हिणीच्या रस्त्यावर त्याचे चहा-भज्यांचे दुकान आहे. "ताई, पावसाळ्यातल्या रविवारी दुकान बंद ठेवू का मी?" शेवटी मे महिन्याचा शेवटचा रविवार ठरला आणि अमेरिकेतल्या दोघी पडद्यावरून भेटणार आहेत.

संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मला हाच विषय सुचला. शाळा कधी उघडते, या एका तारखेने आपल्या तालुक्याचे काय काय ठरवले? मी पडले इंजिनिअर, आणि इतिहासात माझे गुण किती होते हे सरांना ठाऊक आहे. चुका त्यांनी काढाव्यात.

आपल्या वेळी शाळेची तारीख कॅलेंडरवर पाहावी लागत नसे. सात-आठ जूनला मृग लागायचा आणि त्यानंतर आठवडाभरात शाळेची घंटा. दप्तराच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यावर इरले नाहीतर घोंगडीची खोळ, आणि पहिल्याच दिवशी भिजलेली नवी वही. त्याआधी मेमध्ये घरचे राब भाजून झालेले असत आणि आपण करवंदे, जांभळे, आळू शोधत डोंगरात. त्या सुट्टीची खरी गंमत मला आता कळते. जुना वर्ग संपलेला असायचा आणि नवा सुरू झालेला नसायचा. पुस्तकेसुद्धा नव्हती. त्या दीड महिन्यात आपण कुठल्याच इयत्तेत नव्हतो.

जूनमध्ये शाळा उघडायची हे आपल्याला निसर्गनियमासारखे वाटते, पण तसे ते नाही. गांधीजींनी मॅट्रिकची परीक्षा दिली ती नोव्हेंबर १८८७ मध्ये, आणि भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात ते दाखल झाले जानेवारी १८८८ मध्ये. तेव्हा गुजरातही मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे परीक्षा मुंबई विद्यापीठाचीच. त्या काळी वर्ष जानेवारीत उघडत होते. मार्चची परीक्षा आणि जूनची सुरुवात हे नंतर स्थिरावले. साहेबाची सोय मात्र आधीपासून ठरलेली होती. मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवत. आपल्या शाळांची मेची सुट्टी आणि उच्च न्यायालयाची उन्हाळी सुट्टी आजही शेजारीशेजारीच येतात.

आजचे गणित शासनाच्या परिपत्रकात असते. वर्षभरात एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नकोत, कामाचे दिवस किमान २३० हवेत. उन्हाच्या कडाक्यामुळे विदर्भाला वेगळी तारीख मिळते. २०२४ मध्ये राज्यात १५ जूनला शाळा उघडल्या, विदर्भात १ जुलैला. म्हणजे हवामान पाहून तारीख बदलता येते, हे शासनाला मान्य आहे. पण ते फक्त उन्हासाठी. पावसासाठी, भातासाठी किंवा यात्रेसाठी असे कुणी केल्याचे मला आठवत नाही.

यात्रेचेच पाहा. मुंबईचे डबेवाले बहुतेक मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच भागातले. वर्षभर न चुकणारी ही माणसे चैत्रात गावच्या यात्रांसाठी काही दिवस डबे बंद ठेवतात, आणि मुंबईही ते चालवून घेते. आपल्या लहानपणी यात्रेच्या सुमारास परीक्षा आटोपत आलेल्या असत आणि मुंबईची भावंडे एकदा आली की थेट जूनमध्ये जात. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षांचे वेळापत्रक ८ ते २५ एप्रिल असे आले. त्या वर्षी माझा मुंबईचा काका यात्रेला एकटाच आला. पोरे आणि काकू परीक्षेसाठी मागे राहिली. पालखीला खांदा द्यायला माणसे होती, पण घरात पोरांचा गलका नव्हता.

आता पर्यटनाकडे येते. मेमध्ये पुण्याच्या गाड्या पौडवरून जातात खऱ्या, पण दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला. ताम्हिणी हा त्यांचा नुसता रस्ता. उन्हाने करपलेला घाट बघायला कोण थांबणार? त्यांना थांबवतो तो पाऊस, आणि पाऊस येतो तेव्हा शाळा उघडतात. आपल्या तालुक्याची अडचण मला इथे दिसते. कोकणात समुद्र मेमध्येही असतो, महाबळेश्वरला मेमध्येच गारवा हवा असतो. आपले धबधबे मात्र शाळेबरोबर सुरू होतात. मुलेबाळे असलेले कुटुंब बुधवारी येऊ शकत नाही. मग सगळे रविवारी येतात.

आमच्या धंद्यात याला पीक लोड म्हणतात. सहा दिवस रिकामा सर्व्हर आणि सातव्या दिवशी तो कोसळतो. हिंजवडीच्या ज्या पार्कात मी काम करते तेही मुळशी तालुक्यातच येते, हे माझ्या निम्म्या सहकाऱ्यांना माहीत नाही. पण "या रविवारी मुळशीला जाऊ" असे म्हणणारे तेच. भाऊ सांगतो, "रविवारी पीठ पुरत नाही आन् मंगळवारी भिजवलेलं टाकून द्यावं लागतं."

नुसत्या पिठाचा प्रश्न असता तर मी लेख लिहिला नसता. ३० जून २०२४ हा रविवार होता. त्या दिवशी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले, त्यात आपली मुळशीही आली. त्याच जुलैच्या शेवटी ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. १५ जून २०२५, पुन्हा रविवार, आणि दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होत्या. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला, चौघे गेले. पूल जुना होता, बेशिस्त होती, पाटीकडे लक्ष न देण्याची आपली सवय होती. शाळेच्या तारखेमुळे माणसे मेली असे मी मुळीच म्हणणार नाही. पण सगळ्यांना एकाच दिवशी मोकळीक मिळते, हे त्या गर्दीचे एक कारण आहे आणि त्याची चर्चा होत नाही.

२०२५ सालानेच एक प्रयोग फुकटात करून दाखवला. मान्सून २६ मेलाच मुंबई-पुण्यात पोहोचला. शाळा उघडायला तीन आठवडे बाकी होते. माझी मुलगी आणि मी त्या दिवसांत गावी होतो. शेतात कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, कारण धूळवाफेवर पेरायचे राहून गेले होते आणि राबात चिखल झाला होता. पण भावाच्या दुकानासमोर मंगळवारी गाड्या उभ्या! आजी-आजोबा, नातवंडे, स्वेटर घातलेली तान्ही बाळे, निवांत बसून कणीस खाणारी माणसे. वहिनी म्हणाली, "असली गिऱ्हाइकं असतील तर कष्टाचं काही वाटत नाही." १६ जूनला शाळा उघडल्या आणि दुकान परत रविवारवर आले.

इतर देशांनी या गोष्टीचा विचार केला आहे, कधी बरा, कधी विचित्र. माझ्या टीममधले जर्मन सहकारी एकदम सुट्टीवर जात नाहीत. तिथल्या १६ राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या पाळीपाळीने ठेवतात, म्हणजे रस्ते आणि हॉटेले एकाच वेळी तुंबत नाहीत. उलट अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९८६ साली कायदाच झाला की सप्टेंबरमधल्या लेबर डेच्या आधी शाळा उघडायच्या नाहीत. लोक त्याला तिथल्या एका मोठ्या करमणूक उद्यानाच्या नावाने ओळखत, कारण फायदा त्याचाच. २०१९ मध्ये तो सैल केला. मुलांची शाळा पाळणे चालवणाऱ्यांनी ठरवावी हे मला पटत नाही. पण भजीवाल्याला कुणी विचारूच नये, हेही पटत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये राज्यातल्या शाळा १ एप्रिलला उघडण्याची चर्चा निघाली, तेव्हा आपल्या ग्रुपवर शिक्षक झालेले मित्र आणि शहरातले पालक यांच्यात चांगलीच जुंपली होती. माझी मुलगी केंद्रीय बोर्डाच्या शाळेत असल्याने आमच्या घरी ते आधीपासूनच आहे. एप्रिलमध्ये नवा वर्ग, नवी पुस्तके, आणि मग सुट्टी. सुट्टीत प्रकल्प. गेल्या मेमध्ये ती गावी आली ती लॅपटॉप आणि जलचक्राचा तक्ता घेऊन. भावाचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत. तो रोज सकाळी दारात येऊन विचारायचा, "आत्या, तिचं झालं का?" ती म्हणायची, अजून दोन पाने. चौथ्या दिवशी त्याने विचारायचे सोडले.

तक्ता शेवटी पूर्ण झाला तो पाऊस लवकर आल्यामुळे. वीज गेली, लॅपटॉप बंद पडला आणि दोघे ओढ्यावर गेले. परत आली तेव्हा नखशिखांत चिखल, आणि बाष्पीभवनाच्या चौकोनात तिने आमचा राब काढला होता. बाईंनी त्याचे गुण कापले.