संस्थेकडून घराकडे: डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या संगोपनाचा इतिहास

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पहिला ठळक टप्पा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये आढळतो. सरे परगण्यातील अर्ल्सवुड येथे १८५५ साली बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी मोठी निवासी संस्था सुरू झाली. १८५८ मध्ये डॉ. जॉन लँग्डन डाऊन तेथे वैद्यकीय अधीक्षक झाले. त्यांनी मारहाणीच्या शिक्षा बंद केल्या, राहणीमान सुधारले, रहिवाशांची छायाचित्रे काढली आणि बारकाईने नोंदी ठेवल्या. याच निरीक्षणांवरून १८६६ मध्ये त्यांनी या मुलांची लक्षणे एका लेखात मांडली. चेहरेपट्टीवरून त्यांनी या मुलांचा संबंध मंगोल वंशाशी जोडला, तो साफ चुकीचा होता. मात्र जिभेच्या व्यायामाने या मुलांचे बोलणे पुष्कळ सुधारते आणि नियमित सरावाने हातांना कौशल्य येते, असेही त्याच लेखात त्यांनी स्पष्ट लिहिले होते.

१८६८ मध्ये डाऊन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी थेम्स नदीजवळ टेडिंग्टन येथे ‘नॉर्मन्सफील्ड’ ही स्वतःची संस्था काढली. तेथील शिक्षणाचा पाया रोजच्या व्यवहारात होता. चमचा धरणे, गुंड्या लावणे, घड्याळ पाहणे या गोष्टी टप्प्याटप्प्याने शिकवल्या जात. पैशांचे मोल कळावे म्हणून वजने आणि नाणी घेऊन दुकान मांडले जाई. एक मूल दुकानदार, दुसरे गिऱ्हाईक. १८७९ मध्ये संस्थेत नाट्यगृहही उभे राहिले. परंतु नॉर्मन्सफील्डची फी सधन कुटुंबांनाच परवडत असे आणि मुलाला तेथे ठेवायचे म्हणजे त्याला घरापासून तोडावे लागे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘उत्तम वंश’ घडवण्याच्या विचाराने युरोप-अमेरिकेत जोर धरला आणि शिक्षणाची दिशा मागे पडली. ब्रिटनमध्ये १९१३ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्यांना संस्थांत वेगळे ठेवण्याची व्यवस्था पक्की केली. बाळाला संस्थेत सोपवून विसरून जा, असा सल्ला अनेक डॉक्टर आईबापांना देत. १९२९ च्या सुमारास या मुलांचे सरासरी आयुर्मान अवघे ९ वर्षे होते. खुद्द डाऊन यांच्या घराण्यात १९०५ मध्ये हीच स्थिती असलेला नातू जन्मला. घराण्याची प्रतिष्ठा, शिक्षण किंवा श्रीमंती यांचा या स्थितीशी काही संबंध नाही, याचा याहून ठळक पुरावा नको.

कारण उलगडले ते १९५९ मध्ये. पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमोन त्युर्पँ यांनी दाखवले, की या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. पुढे ते जादा गुणसूत्र एकविसाव्या जोडीतले असल्याचे निश्चित झाले. आईबापांच्या वागण्यावर येणारा दोष या शोधाने निराधार ठरवला. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ‘मंगोल’ हे जुने वंशवाचक नावही सोडून दिले.

त्याच काळात घरी वाढलेल्या मुलांनी जुने ग्रह मोडले. नायजेल हंट या इंग्लिश तरुणाला आईने अक्षरांचे उच्चार शिकवत वाचायला लावले होते. पुढे त्याने आत्मचरित्र स्वतः टंकलिखित केले आणि ते १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही ब्रिटनमध्ये अशा अनेक मुलांवर ‘शिकण्यास अपात्र’ असा शिक्का बसत होता. १९७० च्या कायद्याने तो पुसला आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी शिक्षण खात्याकडे आली.

मुंबईत या मुलांच्या शिक्षणाची वाट पालकांनीच पाडली. डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी जय वकील आणि त्यांच्या पतींनी १९४४ मध्ये राहत्या घरी शाळा सुरू केली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ ही अशा मुलांची शाळा उभी केली. कायदा मागाहून आला: १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सज्ञान झालेल्या बौद्धिक अपंग व्यक्तींच्या पालकत्वाची तरतूद केली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

आज जन्मानंतर लगेच हृदयाची तपासणी होते, कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. थायरॉइड, श्रवण आणि दृष्टी यांच्या तपासण्या नेमाने करायच्या असतात. पहिल्या काही महिन्यांतच स्नायूंचे व्यायाम आणि वाचा-उपचार सुरू होतात. प्रतिजैविके, हृदयशस्त्रक्रिया आणि घरची देखभाल यांमुळे प्रगत देशांत सरासरी आयुर्मान सुमारे ६० वर्षांवर पोचले आहे. डाऊन यांची नॉर्मन्सफील्ड संस्थाही १९९७ मध्ये बंद झाली. ही मुले शिकू शकतात हे १८६६ मध्येच लिहिले गेले होते. ते शिक्षण आईबापांच्या घरात आणि गावच्या शाळेत मिळावे, हे समाजाने मान्य करायला त्यानंतर शंभर वर्षे घेतली.