जतनाची गोष्ट

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. काही वर्षांपूर्वी तिथे पितळी बिजागऱ्या आणि बंद घड्याळांच्या ढिगात मला व्हिडिओ गेमची एक पिवळी कॅसेट सापडली. वर '९९९९ इन १' असे छापलेले. (आपल्याकडे हिला कॅसेटच म्हणत, आत फीत नसे, चिप असे.) घरी आणून स्क्रू काढले. आत बोटभर हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. चिप त्याच्या खाली. कर्त्याचे नाव नाही, गाव नाही, साल नाही. पोथी हाती आली की आपण आधी शेवटची पुष्पिका पाहतो : कोणी लिहिली, कोणत्या शकात, कोणासाठी. या वस्तूला पुष्पिकाच नव्हती. चालवून पाहिली तर ९,९९९ च्या यादीत खरे वेगळे खेळ मोजकेच. बाकी त्यांचीच पुनरावृत्ती.

पुढच्या काळातल्या गेम कन्सोलमध्ये काय असायलाच हवे, याची चर्चा तरुण मंडळी हिरिरीने करतात. चित्र अधिक रेखीव हवे, वेग हवा, खरेपणाचा भास हवा. माझी मागणी जुनाट वाटेल. मला जतन हवे. आणि ते का हवे हे या यंत्रांच्या इतिहासातच दिसते.

आपल्या घरांत आलेल्या टीव्ही गेमचा मूळपुरुष जपानचा. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' बाजारात आणला. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांची. आपल्याकडे आले ते प्रामुख्याने त्याच्या नकलांचे पीक. 'समुराई', 'मीडिया' ही नावे पन्नाशीच्या आतबाहेरच्या वाचकांना आठवतील. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आणि टीव्हीची पद्धत वेगळी. आपली २३० व्होल्टची आणि 'पाल' पद्धतीची. नकलाकारांनी एवढा फरक निस्तरला. मूळ यंत्राची कामचलाऊ स्मृती मात्र अवघी २ किलोबाइट, आणि तीही वीज असेपर्यंतच. 'सुपर मारिओ'चे ३२ टप्पे एका बैठकीत पार करायचे. मध्ये लाइट गेले की पुन्हा पहिल्यापासून. पुण्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार. जेवायला हाक आली की मुले टीव्ही बंद करत, पण यंत्र चालूच ठेवून जात. अडॅप्टर हात लावू नये इतका तापे. मग घरातले कोणीतरी काटकसरीच्या सवयीने बटण बंद करी आणि संध्याकाळभर रडारड चाले.

जपानमध्ये यावर दोन उपाय निघाले. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये थांबताना वीस अक्षरांची एक ओळ मिळे. ती वहीत उतरवायची आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी भरायची. तिचे जपानी नाव 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' अशा अर्थाचे आहे. एक अक्षर चुकले की मंत्र फुकट. वेदपाठशाळेतल्या गुरुजींना हे पटले असते. दुसरा उपाय बॅटरीचा. 'द लेजंड ऑफ झेल्डा' १९८७ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा त्याच्या कॅसेटमध्येच नाण्याएवढी बॅटरी बसवलेली होती. खेळाची स्थिती तिच्या जिवावर टिके. पण बॅटरीलाही आयुष्य असते. ती संपली की त्या मुलाने वर्षभर जमवलेले सगळे पुसले जाते. जतनाची सोय झाली, जतन झाले नाही.

आजची कन्सोल यंत्रे खेळ आपोआप नोंदवत जातात, एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांत सोडलेला खेळ त्याच क्षणापासून पुढे सुरू होतो. तरीही वीज अचानक गेली तर शेवटच्या नोंदीनंतरचे हरवतेच, कारण वीज अखंड असते हे त्यांच्या रचनेतले गृहीत आहे. महाराष्ट्राला ते गृहीत धरता आलेले नाही. २००६ मध्ये कारखान्यांच्या जनरेटरांच्या मदतीने पुणे शहर भारनियमनातून सुटले, तेव्हा गावोगावी तासन्‌तास अंधार होता. म्हणून माझी पहिली मागणी : यंत्राच्या पोटात एवढी ऊर्जा साठवलेली असावी की वीज जाताच खेळाची स्थिती कायमच्या स्मृतीत लिहिली जाईल. हिशेब अवघड नाही. यंत्र २०० वॅट घेते आणि लिहायला दहा सेकंद लागतात असे धरू. झाले २,००० ज्यूल. साध्या मोबाइलच्या बॅटरीत याच्या तीसपट ऊर्जा असते. एकदम २०० वॅट पुरवणे कठीण, हे खरे. पण त्या दहा सेकंदांत पडद्यावर चित्र काढायचेच नसते, म्हणजे गरजही खाली येते.

इथवर खेळणाऱ्याचे जतन झाले. खेळाच्या जतनाचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे.

१९१४ साली डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. ते कागदावर आहेत म्हणून उद्या कोणीही मैदान आखून तोच खेळ खेळू शकेल. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे १२० पत्ते : दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. पत्ते आणि ते रंगवणारे हात टिकले, म्हणून खेळ टिकला. व्हिडिओ गेमचे नियम, पट आणि सोंगट्या मात्र सगळ्या यंत्राच्या पोटात. यंत्र गेले की खेळ गेला. निन्टेन्डोने 'वी यू' आणि 'थ्रीडीएस' यांचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजून दाखवले, की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. २०२५ च्या 'स्विच २'साठी निघालेल्या काही कार्डांत तर खेळ नसतोच. फक्त तो उतरवून घेण्याची किल्ली असते. माझ्या पिवळ्या कॅसेटमध्ये निदान खेळ होते.

हा प्रश्न परक्यांचा नाही. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी त्याची नायिका, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी स्विचवर आला, मग इतर यंत्रांवर. पन्नास वर्षांनी पुण्यातल्या कलानिर्मितीवर लिहिणाऱ्याला तो खेळून पाहायचा असेल तर त्याने जायचे कुठे? अडकित्ते आणि दिवे जमवणाऱ्या दिनकर केळकरांना निदान वस्तू हातात धरता येत होती.

म्हणून उरलेल्या मागण्या. पुढच्या यंत्रावर मागच्या पिढीचे खेळ चालावेत. दुकान बंद होईल त्या दिवशी, विकत घेतलेले खेळ कंपनीला न विचारता चालतील असे कुलूप यंत्राने स्वतः काढावे. प्रत्येक खेळात कर्ते, गाव, साल आणि कितवी आवृत्ती हे सांगणारी पुष्पिका असावी. यातून चोरीला वाव मिळेल, असे कंपन्या म्हणतील. पण कुलूप काढायचे ते विक्री थांबल्यावर. जे विकायलाच ठेवलेले नाही त्याच्या चोरीने तोटा तो किती?

शेवटची मागणी कंपन्यांकडे नाही, सरकारकडे आहे. १९५४ च्या कायद्याने भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी ठरावीक ग्रंथालयांत द्यावी लागते. पाककृतींची पुस्तिकाही त्यातून सुटत नाही. त्या कायद्यात व्हिडिओ गेम नाही. तो घातला, आणि प्रतीबरोबर ती चालवणारे एक यंत्रही ठेवले, तर सुरुवात 'राजी'पासून करता येईल.