शिरानुई समुद्राचा धडा

समुद्रास भिंत नसते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. तथापि या साध्या सत्याची केवढी किंमत जपानमधील मासेमार कुटुंबांस द्यावी लागली, हा इतिहास आपल्यांपैकी थोड्यांच्याच वाचनात आला असेल. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत तो सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

जपानच्या दक्षिण भागात क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. ते आणि अमाकुसा द्वीपसमूह यांच्या दरम्यान शिरानुई नावाचा समुद्र पसरलेला आहे. चहूंकडून तो जवळजवळ बंदच असून मासळीविषयी पूर्वापार प्रसिद्ध होता. त्याच्या पूर्व तीरावर मिनामाता हे गाव व समोर गोशोनोउरा, शिशिजिमा ही बेटे. बेटांवरील लोक मासळीवरच जगत.

मिनामाता येथे चिस्सो कंपनीचा कारखाना १९०८ साली निघाला. १९३२ पासून तेथे अॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. त्या क्रियेत पारा वापरीत. त्याचा काही अंश मिथिल पारा या अतिविषारी द्रव्यात पालटून सांडपाण्यावाटे उपसागरात जाई. तेथे तो सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत शिरे आणि प्रत्येक पायरीस त्याचे प्रमाण वाढत जाई. पाणी दिसावयास निर्मळ, परंतु ताटातील मासळी मात्र विषारी, अशी ही विपरीत स्थिती होती.

प्रथम इशारा दिला तो मुक्या जीवांनी. १९५० नंतरच्या वर्षांत मासे पाण्यावर तरंगू लागले, शिंपले मेले, पक्षी उडता उडता कोसळू लागले; मासळी खाणारी मांजरे गरगर फिरून समुद्रात पडू लागली. पुढे माणसांचे हातपाय थरथरू लागले, वाचा गेली, दृष्टी आकसली. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांच्या रुग्णालयाने या अज्ञात रोगाची वर्दी सरकारी आरोग्य कचेरीस दिली.

यानंतर जे घडले ते अधिक शोचनीय होय. सप्टेंबर १९५८ मध्ये कंपनीने सांडपाण्याचा मार्ग उपसागराकडून वळवून मिनामाता नदीच्या मुखाशी नेला. परिणामी जे विष एका उपसागरात साचत होते, ते आता सबंध शिरानुई समुद्रात पसरू लागले. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पारा हे रोगाचे कारण म्हणून जाहीर केले. त्याच वर्षी डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी घातलेले अन्न एका मांजरास देऊन तोच रोग उद्भवतो हे पाहिले. परंतु कंपनीने ती गोष्ट दडवून ठेविली.

१९६० ते १९६२ या काळात कुमामोतो प्रांताच्या प्रयोगशाळेने किनाऱ्यावरील व बेटांवरील लोकांचे केस तपासले. गोशोनोउरा येथील एका स्त्रीच्या केसांत दशलक्ष भागांत ९२० भाग पारा आढळला. ५० भागांच्या आसपासच रोगाची लक्षणे दिसू लागतात, असे पुढे शास्त्रज्ञांनी ठरविले! ज्या बेटावर कारखान्याचे एक धुराडेही नव्हते, ज्याला त्या उद्योगाचा फारसा लाभ नव्हता, त्या बेटावर हे आढळले. असे असता ही तपासणी तीन वर्षांतच थांबली. ती पद्धती १९६८ मध्ये बंद झाली, आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी सरकारने रोगाचे मूळ कारखान्यात असल्याचे मान्य केले.

२० मार्च १९७३ रोजी न्यायालयाने कंपनीस दोषी ठरविले. १९७७ ते १९९० पर्यंत उपसागराचा गाळ उपसून सुमारे ५८ हेक्टर समुद्र भरून टाकण्यात आला. दूषित मासळी बाहेर जाऊ नये म्हणून लावलेली जाळी १९९७ साली निघाली. २०१३ साली पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मिनामाताच्याच नावे झाला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली आहे.

वाचकहो, पैशाने गाळ उपसता येतो, परंतु गर्भातच विषबाधा झालेल्या बालकांचे आयुष्य परत देता येत नाही. कारण कळल्यानंतर वाया गेलेली ती नऊ वर्षे हाच या इतिहासाचा खरा कलंक होय. नारळीपौर्णिमेस आपण दर्यास श्रीफळ अर्पण करितो. त्याच श्रद्धेने त्याच्या पाण्याची राखणही केली पाहिजे. खाडीत मासळी मरू लागली, शिंपल्या रित्या निघू लागल्या, तर ती गोष्ट क्षुल्लक मानू नये. आपल्या तरुणांनी दिवस-वार लिहून ठेवून ती पंचायतीच्या व शासनाच्या कानी वेळीच घालावी, एवढीच आमची विनंती.