कमरेचे शस्त्र आणि परवान्याचा कागद

कपड्याखाली दिसणार नाही असे लहान पिस्तूल विकत घेणारा अमेरिकन ग्राहक वजन, जाडी, गोळ्यांची संख्या आणि गोळीचे माप ताडून पाहतो. २०१५ साली आलेल्या ग्लॉक ४३ मध्ये सहा गोळ्यांचे मॅगझिन होते. २०१८ च्या सिग सॉअर पी ३६५ ने जवळपास तेवढ्याच आकारात दहा गोळ्या बसवल्या. दोन्ही नऊ मिलिमीटरची. आपल्याकडे नऊ मिलिमीटर आणि .३८ ही मापे सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने ही तुलना तिथेच थांबते. उरते मुख्यतः .३२ आणि .२२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे अर्धा किलो, गोळ्या सहा, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. इशापूरचे 'निडर' .२२ चे, जेमतेम पाव किलोचे. पण हलकेपणाबरोबर गोळीचा जोरही उतरतो. २०२३ चे 'प्रबल' पुन्हा .३२ चे, वजन सुमारे ७०० ग्रॅम, मारा लांबचा.

'निर्भीक' हे नाव दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर दिले गेले. स्त्रीच्या पर्समध्ये मावेल असे शस्त्र, अशी त्याची जाहिरात झाली. आमच्या मूल भागातली बाई रोवणीला जाते, पहाटे मोह वेचायला जंगलात शिरते. तिच्यापाशी टोपली असते. तिला वाघाची धास्ती असते, आणि गावात परतल्यावर ज्यांची धास्ती असते त्यांची नावे ती घेत नाही. सव्वा लाखाचे शस्त्र कोणत्या बाईसाठी बनवले, हे त्या किमतीवरच लिहिलेले आहे.

शस्त्र कोणी बाळगावे हे या देशात कारखान्यांच्या फार आधी ठरले होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात संकटकाळी शस्त्र उचलण्याची मुभा आहे, ती द्विजांना. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत महार शिपायांनी बंदुकी चालवल्या, पण त्या कंपनी सरकारच्या. पलटणीतली बंदूक पेन्शनीबरोबर घरी येत नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांना निःशस्त्र केले, १८७८ च्या कायद्याने परवाना सक्तीचा झाला. युरोपियनांना त्यातून सूट होती, बड्या राजेरजवाड्यांनाही मिळाली. पुढे 'लढवय्या जाती'चे खूळ निघाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरतीच बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंटसाठी १९४१ उजाडावे लागले.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात विचारले की हिंदुस्थानात खालच्या वर्गांनी क्रांती का केली नाही. चातुर्वर्ण्याने त्यांच्या हाती शस्त्र ठेवले नाही आणि शस्त्राविना बंड होत नाही, हे त्यांनी दिलेले एक प्रमुख उत्तर. तेच बाबासाहेब डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या दुरुस्तीला विरोध करतात. कोणीही बाजारात जाऊन हत्यार घेऊ लागला तर राज्य चालणार कसे, असे ते विचारतात. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. २० मार्च १९२७ ला महाडला आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या तेव्हा त्यांत पलटणीतून आलेले किती तरी माजी सैनिक होते, आणि बाबासाहेबांनी त्यांना आवरले. शस्त्राचा हक्क सगळ्यांना मोकळा केला तर गावात शस्त्र आधी कोणाकडे येईल? ज्याच्याकडे जमीन आहे, पैसा आहे, पाटीलकी आहे त्याच्याकडे. हे त्यांना कळत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे आहे.

परवाना देणाऱ्याच्या मर्जीवर ठेवला तर काय होते, तेही पाहावे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर जानेवारी १९५६ मध्ये बॉम्ब पडला. त्यांनी लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. पुढे ब्लॅक पँथर उघडपणे बंदुकी घेऊन रस्त्यावर फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये मलफर्ड कायदा करून भरलेली बंदूक सार्वजनिक जागी नेणे बंद केले. आपल्या तरुणांनी १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव घेतले. बंदूक घेतली नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. तिसऱ्या नियमात अत्याचारप्रवण भागासाठी तरतुदी आहेत. दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत, आणि गरज भासल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत. आपल्या सभांतून चर्चा होते ती शेवटच्या तरतुदीची, कारण तीत मर्दुमकी आहे. मला पहिली मोलाची वाटते. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर जमाव चालून आला. चौघांचा जीव गेला. त्या दारात सहा गोळ्यांचे 'निर्भीक' असते तर किती क्षण पुरले असते? आणि ते झाडले असते तर आरोपी कोण ठरले असते?

तरीही परवाना मागूच नये, असे मी म्हणत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १४ सांगते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. मिळाल्यावर २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र पूर्ण झाकूनच न्यावे लागते. पण अर्जावर अहवाल मागवला जातो तो जवळच्या पोलीस ठाण्याचा, म्हणजे जिथे आपली फिर्याद नोंदवून घ्यायलाच दिवस जातात तिथला.