तळटीप १७ : ३८ किलोडाल्टनचे प्रथिन

१७. समुद्रपूर (जि. वर्धा) येथील रुग्णाच्या जुन्या रक्त-अहवालातले हे प्रथिन क्षयजंतूचे आहे, त्याचे शास्त्रीय नाव पीएसटीएस-१. जंतूच्या आवरणात रुतलेले हे प्रथिन बाहेरचे फॉस्फेट पकडून ‘पीएसटी’ वाहकाकडे सोपवते आणि वाहक ऊर्जा खर्चून ते आत घेतो. फॉस्फेटशिवाय डीएनए किंवा एटीपी घडत नाही. आपल्या भक्षकपेशीने गिळलेल्या जंतूला फॉस्फेटची टंचाई भासते, तेव्हा ‘सेनएक्स३-रेगएक्स३’ ही संवेदक जोडी फॉस्फेट मिळवणारी जनुके जागी करते. फॉस्फेट मुबलक असताना ‘फोवाय’ प्रथिने या जोडीला आवरून धरतात. अनेक क्षयरुग्णांच्या रक्तात पीएसटीएस-१विरुद्ध प्रतिपिंडे आढळतात, म्हणून क्षयाच्या रक्तचाचण्यांत हे प्रथिन वापरले जाई. मात्र या चाचण्या निरोग्याला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांविरुद्ध स्पष्ट शिफारस केली आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. त्यामुळे प्रस्तुत अहवालावरून रुग्णाला क्षय होता की नव्हता, हे ठरवता येत नाही. फुप्फुसाच्या क्षयासाठी थुंकीची तपासणीच करून घ्यावी.