शिवडीचा साबण कारखाना ते संशोधन केंद्र : एका परदेशी उपकंपनीची वाटचाल

परदेशी कंपनीने आपल्याकडे कारखाना काढला की तंत्रज्ञान आपोआप येते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात आधी येतात ती यंत्रे आणि ठरलेली कृती. निर्णय मूळ कंपनीच्याच हाती राहतात. ते इथे कसे येतात, हे हिंदुस्थान लिव्हरच्या उदाहरणावरून पाहू.

पहिला टप्पा व्यापाराचा. १८८८ मध्ये लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण इंग्लंडहून कोलकात्याच्या बंदरात उतरू लागला. दुसरा टप्पा उत्पादनाचा. १९३१ मध्ये वनस्पती तुपासाठी आणि १९३३ मध्ये साबणासाठी स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या. १९३४ मध्ये मुंबईत शिवडीला साबण तयार होऊ लागला.

तिसरा टप्पा व्यवस्थापनाचा. १९५६ मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन हिंदुस्थान लिव्हर झाली आणि १० टक्के भांडवल भारतीयांना खुले झाले. १९६१ मध्ये प्रकाश टंडन पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

चौथा टप्पा संशोधनाचा, आणि त्याचे मूळ टंचाईत आहे. देशात खाद्यतेल अपुरे होते आणि परकीय चलनही. साबणासाठी वेगळे तेल शोधणे भाग होते. कडुनिंब, एरंड, साल, भाताचा कोंडा यांची तेले उपलब्ध होती; पण त्यांचा रंग गडद, वास उग्र. ती साबणायोग्य करण्याची प्रक्रिया इथेच विकसित करावी लागली, कारण युरोपात हा प्रश्नच नव्हता. १९६७ मध्ये मुंबईत कंपनीचे संशोधन केंद्र उघडले.

पुढे १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवलाला सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा घातली. प्रगत तंत्रज्ञान वा निर्यात असणाऱ्यांना सवलत होती. कोकाकोला आणि आयबीएम देश सोडून गेल्या. हिंदुस्थान लिव्हर मात्र थांबली. तिने रसायन उद्योग व निर्यात वाढवली आणि मूळ कंपनीचा वाटा ५१ टक्क्यांवर स्थिरावला.

याचा अर्थ, उपकंपनीची वाढ केवळ मूळ कंपनीच्या इच्छेने होत नाही. यजमान देशाचे धोरण, स्थानिक कच्चा माल आणि इथली शिकलेली माणसे तिला घडवतात. मात्र नुसते निर्बंध पुरत नाहीत. ते पेलण्याची क्षमता नसेल तर कंपनी निघून जाते.

विचारासाठी प्रश्न : तुमच्या भागातील एखाद्या परदेशी कंपनीच्या कारखान्यात केवळ जुळणी होते, की आरेखनही? आरेखनाचा निर्णय कोण घेते?