बिटकॉइनच्या चाव्या: एका फाइलपासून बारा शब्दांपर्यंत

जानेवारी 2009मध्ये सातोशी नाकामोतोने बिटकॉइनचं सॉफ्टवेअर खुलं केलं, तेव्हा पैसे खर्च करण्यासाठी लागणाऱ्या वापरणाऱ्याच्या सगळ्या गुप्त चाव्या संगणकावरच्या ‘वॉलेट.डॅट’ या एकाच फाइलमध्ये असत. पुढे शंभर चाव्या आगाऊ तयार ठेवण्याची सोय झाली. पण त्या संपल्या की नंतरच्या चाव्या जुन्या बॅकअपमध्ये सापडत नसत.

फाइलला पासवर्डचं कुलूप लागलं 2011मध्ये.

2013च्या बीआयपी-39 प्रस्तावामुळे 2048 शब्दांच्या ठरावीक यादीतले 12 किंवा 24 शब्द बॅकअपला पुरेसे ठरले. तरी नव्या वॉलेटमध्ये टाकलेले शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्य का दिसते, हा प्रश्न आजही येतो. अनेकदा पैसे ब्लॉकचेनवर सुरक्षित असतात. फक्त नव्या वॉलेटने त्या शब्दांवरून चाव्या काढण्याचा मार्ग वेगळा धरलेला असतो. तो तपासावा. मदतीच्या नावाखाली कोणी हे शब्द मागितले, तर मात्र ते कदापि देऊ नयेत.